उच्च प्राथमिक स्तरावरील विज्ञान प्रयोगांत चलांची ओळख

प्रस्तावना

विज्ञान हा प्रयोगाधिष्ठित विषय आहे, याविषयी शिक्षणक्षेत्रात दुमत नाही. परंतु प्रयोग कशाला म्हणावे, हा प्रश्न शालेय व्यवहारात क्वचितच विचारला जातो. शिक्षक टेबलावर एखादी कृती करून दाखवतात, विद्यार्थी ती पाहतात आणि साहित्य, कृती, निरीक्षण व अनुमान या ठरलेल्या शीर्षकांखाली वहीत मजकूर उतरवला जातो. काय बदलले, त्याचा परिणाम कशावर पाहिला आणि काय बदलू दिले नाही, हे लिहिण्याची जागा या शीर्षकांत नसते. परिणामी आठ-दहा वर्षे विज्ञान शिकलेला विद्यार्थी पदवीच्या पहिल्या वर्षात येतो तेव्हा वाचने नीट घेतो, आलेखही काढतो. मात्र अमुक राशी आडव्या अक्षावर का घेतली, असे विचारल्यास पुस्तकात तशी दिली आहे, एवढेच सांगतो.

प्रस्तुत लेखात इयत्ता सहावी ते आठवीच्या विद्यार्थ्यांना साध्या प्रयोगांतील चले कशी ओळखता येतील, याचे विवेचन केले आहे. विषय शाळेचा असला तरी महाविद्यालयीन अध्यापकांशी त्याचा निकटचा संबंध आहे. अध्यापक महाविद्यालयांतून उद्याचे विज्ञान शिक्षक घडतात, आणि तालुका व जिल्हा पातळीवरील विज्ञान प्रदर्शनांत परीक्षक म्हणून प्राध्यापकांनाच पाचारण केले जाते.

चल म्हणजे काय?

प्रयोगात ज्या राशीचे किंवा गुणधर्माचे मूल्य बदलू शकते, तिला चल म्हणतात. प्रयोगकर्ता जे हेतुतः बदलतो ते स्वाश्रयी चल, त्याच्या बदलानुसार जे बदलते की नाही हे पाहिले जाते ते आश्रयी चल, आणि निष्कर्षात घोटाळा होऊ नये म्हणून जे सारखे ठेवले जाते ते नियंत्रित चल. या तीन व्याख्या पाठ करणे सहावीच्या विद्यार्थ्याला अवघड नाही. अडचण पुढे येते. विद्यार्थी असे गृहीत धरतो की काही राशी स्वभावतःच स्वाश्रयी असतात व काही आश्रयी, जशी काही फळे आंबट आणि काही गोड असतात.

तापमानाचे उदाहरण घेतल्यास हा गैरसमज स्पष्ट होतो. थंड, कोमट आणि गरम पाण्यात साखर किती वेळात विरघळते हे पाहताना पाण्याचे तापमान हे स्वाश्रयी चल आहे. कपातील चहा आणि बशीत ओतलेला चहा यांपैकी कोणता लवकर निवतो, हे पाहताना तेच तापमान आश्रयी चल होते आणि द्रवाच्या उघड्या पृष्ठभागाचे क्षेत्रफळ स्वाश्रयी. मटकीला मोड येण्यासाठी ती किती तास भिजवावी लागते, याचा शोध घेताना तापमान नियंत्रित चलांच्या यादीत जाऊन बसते. राशी एकच, भूमिका तीन. भूमिका ठरवतो तो प्रश्न. म्हणून चल ओळखणे हे व्याख्या लागू करण्याचे काम नसून मुख्यतः प्रश्न नेमका करण्याचे काम आहे. ज्या प्रयोगाला प्रश्नच नाही त्यातील चले ओळखा, असे सांगणे निरर्थक होय.

मराठी माध्यमाच्या वर्गात येथे भाषेचीही एक अडचण उभी राहते व तिच्याकडे पुरेसे लक्ष गेलेले दिसत नाही. मराठीत 'बदलणे' हे क्रियापद सकर्मक आहे आणि अकर्मकही. 'मुलीने दोरीची लांबी बदलली' आणि 'लांबीमुळे वेळ बदलला' या दोन्ही वाक्यांत क्रियापद तेच राहते. त्यामुळे 'या प्रयोगात काय बदलले?' हा शिक्षकांचा प्रश्न मुळातच द्व्यर्थी ठरतो. एक विद्यार्थी लांबी सांगतो, दुसरा वेळ, आणि दोघांचेही उत्तर व्याकरणदृष्ट्या बरोबर असते. 'आपण मुद्दाम काय बदलले?' आणि 'त्यामुळे आपोआप काय बदलले?' असे दोन स्वतंत्र प्रश्न केल्यास हा गोंधळ बराच कमी होतो. स्वाश्रयी, आश्रयी या संस्कृतप्रचुर संज्ञा त्यानंतर दिल्या तरी चालतात. गणितातील 'चल' म्हणजे एखादे अक्षर, अशी विद्यार्थ्याची समजूत असते. विज्ञानातील चल ही मोजता किंवा ओळखता येण्याजोगी गोष्ट आहे, हेही आरंभीच सांगितलेले बरे.

लंबकाचा प्रयोग

चलांच्या अभ्यासासाठी लंबकाइतके सोपे व तरीही फसवे साधन दुसरे क्वचितच असेल. बार्बेल इन्हेल्डर आणि झाँ पियाजे यांनी बालकांच्या तार्किक विचाराच्या अभ्यासात लंबकाचा वापर केला होता. त्यांचा ग्रंथ १९५५ मध्ये फ्रेंचमध्ये आणि १९५८ मध्ये इंग्रजीत प्रसिद्ध झाला. आंदोलनकाल कशावर अवलंबून असतो, हे मुलांनी स्वतः शोधायचे होते. लहान मुले दोरीची लांबी आणि टांगलेले वजन एकाच वेळी बदलत आणि दिसलेल्या फरकाचे श्रेय वजनाला देत. एका वेळी एकच घटक बदलून इतर स्थिर ठेवण्याची पद्धतशीर क्षमता साधारणतः अकरा-बारा वर्षांनंतर विकसित होते, असे पियाजे यांचे प्रतिपादन होते. हे वय म्हणजे नेमके सहावी-सातवीचे.

दोरी, लोखंडी नट आणि मोबाइलमधील स्टॉपवॉच एवढ्या साहित्यात हा प्रयोग होतो. विद्यार्थ्यांना बदलता येण्याजोग्या गोष्टींची यादी करण्यास सांगितल्यास ती झपाट्याने वाढते : दोरीची लांबी, नटांची संख्या, सोडतानाचा कोन, सोडताना दिलेला धक्का, दोरीचा प्रकार, वारा. यांतील लांबी हे स्वाश्रयी चल निवडले आणि २० आंदोलनांचा वेळ मोजला, तर २५ सेंटिमीटर लांबीला सुमारे २०, ५० सेंटिमीटरला सुमारे २८ आणि १०० सेंटिमीटरला सुमारे ४० सेकंद लागतात. लांबी चौपट झाली तर वेळ दुप्पट होतो, हे सातवीच्या विद्यार्थ्यालाही आकड्यांवरून सांगता येते; वर्गमूळाचे सूत्र देण्याची घाई आवश्यक नाही. एकाऐवजी २० आंदोलने मोजण्याचे कारण मात्र सांगायला हवे. बटण दाबताना होणारा विलंब सेकंदाच्या पाचव्या भागाइतका असू शकतो. १ सेकंदाच्या मापनात ही चूक मोठी ठरते, २० सेकंदांच्या मापनात ती नगण्य असते.

खरा पेच पुढच्या प्रश्नात आहे : वजन वाढवल्यास आंदोलनकाल बदलतो का? विद्यार्थी पहिल्या नटाखाली दुसरा नट बांधतो, पुन्हा २० आंदोलने मोजतो आणि त्याला वेळ थोडा वाढलेला आढळतो. वजनाचा परिणाम होतो, असा निष्कर्ष तो काढतो. शिक्षक पुस्तकाच्या आधारे हे उत्तर चूक ठरवतात व मापन नीट कर, असे बजावतात. वस्तुतः मापन बरोबर असते. लंबकाची लांबी आधारबिंदूपासून गोळ्याच्या मध्यापर्यंत मोजली जाते. नट २ सेंटिमीटर उंचीचा असेल, तर खाली दुसरा नट जोडल्याने वस्तुमानाचा मध्य १ सेंटिमीटर खाली सरकतो. २५ सेंटिमीटरचा लंबक २६ सेंटिमीटरचा होतो आणि २० आंदोलनांचा वेळ सुमारे ०.४ सेकंदाने वाढतो. म्हणजे वजन बदलताना लांबीही नकळत बदलली. दोन्ही नट एकाच आकड्यात शेजारी-शेजारी, समान उंचीवर अडकवले की हा फरक नाहीसा होतो. नियंत्रित चल म्हणजे ज्याला हात लावला नाही ते नव्हे. प्रयत्नपूर्वक, प्रसंगी मांडणी बदलूनही, जे सारखे राखावे लागते ते. हा मुद्दा व्याख्येतून कळत नाही, या ०.४ सेकंदातून कळतो. ज्या विद्यार्थ्याला मापन चुकले म्हणून गप्प बसवले गेले, त्याच्या हातून ही संधी कायमची जाते आणि स्वतःच्या निरीक्षणापेक्षा छापील वाक्यावर विश्वास ठेवावा, एवढेच तो शिकतो.

सोडतानाच्या कोनाचीही अशीच गंमत आहे. लंबक १० अंशांवरून सोडला काय किंवा २० अंशांवरून, २० सेकंदांच्या मापनात पडणारा फरक सेकंदाच्या दहाव्या भागाच्या आसपास, म्हणजे हाताने मोजताना न कळण्याइतका असतो. तोच ६० अंशांवरून सोडल्यास आंदोलनकाल तत्त्वतः सुमारे ७ टक्क्यांनी वाढतो. एखाद्या चलाचा परिणाम होत नाही, हे विधान नेहमी ते चल कोणत्या मर्यादेत बदलले त्यापुरतेच असते.

'वाढ' म्हणजे नेमके काय?

स्वाश्रयी चल निवडताना विद्यार्थी गोंधळतात, हे शिक्षकांना ठाऊक असते. आश्रयी चलाविषयीची चूक मात्र सहसा लक्षात येत नाही. वनस्पतीच्या वाढीवर प्रकाशाचा परिणाम, हा प्रयोग बहुतेक शाळांत होतो. दोन भांड्यांत मूग पेरले जातात. एक खिडकीत, दुसरे कपाटात. आठवड्याने मोजपट्टी लावली असता कपाटातील रोपे अधिक उंच भरतात. काटेकोर विद्यार्थी लिहितो की अंधारात वाढ चांगली होते. हे उत्तर कोणाला नको असते, म्हणून बहुधा निरीक्षणच बदलले जाते.

अंधारातील रोपाचे खोड लांब, बारीक व पिवळट होते आणि पाने लहान राहतात. बियांत साठवलेले अन्न खर्चून ते प्रकाशाच्या शोधात लांबते. नवे अन्न तयार होत नसल्याने वाळवून वजन केल्यास त्याचे वस्तुमान पेरलेल्या बियांपेक्षा कमी भरते. म्हणजे उंची हे आश्रयी चल घेतले तर एक उत्तर, शुष्क वजन घेतले तर नेमके उलटे. प्रयोगात चूक नाही, मोजमापातही नाही. 'वाढ' हा शब्द मोजता येण्याजोगा करून घेतलेला नाही, एवढेच. उंची, पानांची संख्या, पानाची रुंदी, रंग, शुष्क वजन यांपैकी काय मोजायचे हे पेरणीपूर्वी ठरले पाहिजे.

याच प्रयोगात आणखी एक दोष असतो. खिडकीत ऊन व वारा लागून माती लवकर सुकते, कपाटात ती ओलसर राहते. दोन्हीकडचे तापमानही वेगळे असते. प्रकाश बदलताना ओलावा व तापमान सोबत बदलले. दोन्ही भांडी एकाच जागी ठेवून दोहोंवर पुठ्ठ्याची सारखी खोकी पालथी घातली व एका खोक्याला प्रकाश येण्यापुरती खिडकी कापली, की तुलना बरीच न्याय्य होते. प्रत्येक भांड्यात एकाऐवजी दहा-बारा बिया असाव्यात, हे ओघाने आलेच. एखादी बी मुळातच निकस असू शकते.

सतराव्या शतकात व्हॅन हेलमाँट यांनी २०० पौंड वाळवलेल्या मातीत ५ पौंडांचे विलोचे रोप लावून ५ वर्षे केवळ पाणी घातले होते. झाडाचे वजन सुमारे १६४ पौंडांनी वाढले, माती अवघी २ औंसांच्या आसपास घटली. १६४८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या ग्रंथात ही सर्व वाढ पाण्यापासून झाल्याचा निष्कर्ष आहे. माती आणि पाणी त्यांनी विचारात घेतले, हवा त्यांच्या यादीतच नव्हती. नियंत्रित चलांची यादी करणाऱ्याच्या ज्ञानाइतकीच पूर्ण असते, ही गोष्ट विद्यार्थ्यांना या एका प्रयोगाच्या कथेतून सहज सांगता येते.

प्रात्यक्षिक आणि प्रयोग

शाळेत ज्याला प्रयोग म्हटले जाते, त्यांपैकी पुष्कळ कृती प्रात्यक्षिके असतात. त्यांत एकच मांडणी, एकच परिणाम आणि तयार स्पष्टीकरण असते. पाण्याच्या ताटलीत जळती मेणबत्ती ठेवून तिच्यावर काचेचा ग्लास पालथा घालण्याची कृती सर्वपरिचित आहे. मेणबत्ती विझते, पाणी ग्लासात चढते आणि ज्वलनात ऑक्सिजन संपल्याने त्याची एक-पंचमांश जागा पाण्याने घेतली, असे सांगितले जाते. येथे काहीच बदललेले नाही, त्यामुळे तुलनेला आधार नाही आणि स्पष्टीकरण तपासण्याचा मार्गही नाही.

आता मेणबत्त्यांची संख्या हे स्वाश्रयी चल करावे. ग्लास तोच, ताटलीतील पाणी तेवढेच, मेणबत्त्या समान उंचीच्या. एक, दोन व तीन मेणबत्त्या घेऊन ग्लासवर चिकटवलेल्या कागदी पट्टीवर पाण्याची उंची मोजावी. मेणबत्त्या वाढल्या की पाणी अधिक चढते. ग्लासातील ऑक्सिजन मात्र तिन्ही वेळा तेवढाच होता. वस्तुतः ज्योतींच्या उष्णतेने हवा प्रसरण पावते, तिचा काही भाग बुडबुड्यांच्या रूपाने बाहेर पडतो, आणि ज्योत विझल्यावर उरलेली हवा थंड होऊन आकुंचन पावते, हे पाणी चढण्याचे मुख्य कारण आहे. ग्लासातील सर्व ऑक्सिजन संपण्यापूर्वीच मेणबत्ती विझते. एक चल बदलताच पिढ्यान्‌पिढ्या सांगितले गेलेले स्पष्टीकरण अपुरे ठरते. शिक्षकांना हे काहीसे गैरसोयीचे वाटू शकते, पण प्रयोग आणि प्रात्यक्षिक यांतील भेद याहून स्वस्त साहित्यात दाखवता येणे कठीण आहे.

लोखंड गंजण्याच्या परिचित प्रयोगात निराळा घोटाळा होतो. पहिल्या परीक्षानळीत पाणी व हवा, दुसरीत उकळून थंड केलेल्या पाण्यावर तेलाचा थर, तिसरीत कोरडी हवा राखण्यासाठी निर्जल कॅल्शियम क्लोराइड. यांतील नियंत्रित चल कोणते, असे विचारल्यास पुष्कळ विद्यार्थी पहिली परीक्षानळी असे उत्तर देतात. ती तुलनेसाठी ठेवलेली मांडणी आहे, चल नव्हे. सारखे खिळे, सारखे दिवस, एकच जागा ही नियंत्रित चले. येथे हवा व पाणी अशी दोन स्वाश्रयी चले आहेत आणि ती 'आहे' किंवा 'नाही' एवढीच मूल्ये घेतात; म्हणून याचा रेषालेख काढता येत नाही, जसा लंबकाच्या लांबीचा काढता येतो.

अध्यापनाचा प्रश्न

चलांचे नियंत्रण विद्यार्थ्यांनी आपणहून शोधावे की शिक्षकांनी सांगावे, यावर संशोधकांत बराच वाद झाला आहे. झी चेन आणि डेव्हिड क्लार यांनी १९९९ मध्ये, तसेच क्लार आणि मिलेना निगम यांनी २००४ मध्ये प्रसिद्ध केलेले अभ्यास या संदर्भात नेहमी उद्धृत होतात. दुसऱ्या अभ्यासात तिसरी-चौथीच्या मुलांना उतरणीवरून चेंडू सोडून तो किती दूर जातो हे पाहायचे होते. उतरणीचा चढ, पृष्ठभाग, धावेची लांबी आणि चेंडूचा प्रकार ही चले होती. एका गटाला चांगल्या व सदोष तुलनांची उदाहरणे दाखवून कारणे समजावली, दुसऱ्याला साहित्य देऊन मोकळे सोडले. पहिल्या गटातील तीन-चतुर्थांशांहून अधिक मुलांनी पद्धत आत्मसात केली. दुसऱ्यात हे प्रमाण एक-चतुर्थांशाहूनही कमी होते. मात्र डेव्हिड डीन आणि डियाना कून यांनी २००७ मध्ये दाखवून दिले की एकदा दिलेल्या स्पष्टीकरणाचा प्रभाव दीर्घकाळ टिकतोच असे नाही. त्यासाठी अनेक आठवडे प्रत्यक्ष प्रश्न सोडवण्याचा सराव लागतो. दोन्ही निष्कर्ष एकत्र वाचले असता 'सांगणे की शोधणे' हा वाद पोकळ वाटू लागतो. सदोष तुलना ओळखण्यास स्पष्टपणे शिकवावे आणि मग वर्षभर त्याचा वापर होऊ द्यावा, यात विसंगती नाही.

व्यवहारात यासाठी फार वेळ लागत नाही. साहित्याला हात लावण्यापूर्वी दहा मिनिटे फळ्यावर चलांची यादी करावी व एक निवडावे. साखर विरघळण्याचा प्रयोग घेतल्यास खडीसाखर, दाणेदार साखर व पिठीसाखर यांतून कणांचा आकार हे चल आयतेच मिळते. कोणीतरी प्रत्येकी एक चमचा घेऊ असे सुचवेल. तेव्हा चमचाभर पिठीसाखर आणि चमचाभर दाणेदार साखर यांचे वजन सारखे असते का, हे तराजूवर तपासू द्यावे. विरघळायला लागणारा वेळ आणि एकूण किती साखर विरघळते, हे दोन वेगळे प्रश्न आहेत, हेही तेथेच निघते.

मूल्यमापन

'स्वाश्रयी चलाची व्याख्या लिहा' या प्रश्नातून विद्यार्थ्याची स्मरणशक्ती तेवढी कळते. त्याऐवजी सदोष तुलना देता येते. उदाहरणार्थ, एका विद्यार्थिनीने सुती रुमाल पसरून उन्हात वाळत घातला आणि टेरिकॉटचा रुमाल घडी करून सावलीत ठेवला. सुती रुमाल आधी वाळला. कोणते कापड लवकर वाळते? येथे कापड, जागा आणि घडी या तिन्ही गोष्टी एकदम बदलल्या आहेत. या तुलनेवरून काहीच सांगता येत नाही, असे कारणासह लिहिणाऱ्यास पूर्ण गुण द्यावेत. ज्याने सुती असे लिहिले त्याला शून्य. पुढच्या उपप्रश्नात तोच प्रयोग सुधारून मांडण्यास सांगावे.

प्रदर्शनांतील प्रकल्पांनाही हीच कसोटी लावता येते. गांडूळखताचा रोपांवर होणारा परिणाम, हा विषय अशा ठिकाणी वारंवार आढळतो. तक्ता देखणा असतो, रोपे टवटवीत असतात. खत घातलेल्या कुंडीत मातीचे एकूण प्रमाण वाढले का, ओलावा अधिक टिकला का, प्रत्येक प्रकारच्या कुंड्या किती होत्या, पाणी मोजून घातले होते का आणि वाढ म्हणून काय मोजले, असे प्रश्न परीक्षकांनी विचारावेत. उत्तर देताना जो विद्यार्थी आपल्याच मांडणीतील एखादी उणीव दाखवतो, त्याचे गुण कापले जाऊ नयेत. प्रकल्पाच्या गुणपत्रिकेत सादरीकरण आणि नावीन्य यांच्यासाठी रकाने असतात, तसा नियंत्रित चलांसाठी एक रकाना ठेवल्यास मार्गदर्शक शिक्षकांचेही लक्ष पुढील वर्षी तिकडे वळेल.